पांढऱ्यावर पांढरं फूल

अक्का,

तुझ्यामाझ्यातला शेवटचा शब्द "बघू" हा आहे, आणि तो तुझा आहे, याचा मला अजून राग येतो. माणूस जाताना काहीतरी नीट बोलून जातो असं ऐकलं होतं. तू मात्र मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली होतीस. मान वर न करता "बघू" म्हणालीस, आणि मी उंबऱ्यातूनच "बघायचं काय न्हाय, अक्का" असं म्हणून गाडी सुटायच्या आत स्टँड गाठलं. त्यानंतर तुला पाहिलं ते हिरव्या लुगड्यात, फुलांखाली. तेव्हा भांडायची सोय राहिली नव्हती.

वाद एका साडीचा होता. माझ्या लेकीच्या, प्रज्ञाच्या लग्नाची साडी. काल ती मागावरून उतरली, आत्ता इथं बारामतीत माझ्या पलंगावर घडी करून ठेवली आहे, आणि परवा लग्न आहे. घर पाहुण्यांनी भरायच्या आत तुला सगळं सांगून टाकावं म्हणून बसले आहे. गाडीत आपलं कुठलंच बोलणं पुरं व्हायचं नाही. ऐन मुद्द्यावर आलं की थांबा यायचा आणि मला घंटी मारायला उठावं लागायचं. आज मला सुट्टी आहे, त्यामुळे तुला ऐकून घ्यावं लागेल.

आपली ओळखच भांडणातून झाली. बारामती-इंदापूर गाडीवर मी नवी कंडक्टर, अंगात खाकी आणि डोक्यात नियम. तू बारामतीच्या स्टँडवर सुताचं भलंमोठं गाठोडं घेऊन चढलीस. मी म्हणाले, सामानाचं तिकीट पडेल. तू गाठोडं उचलून मांडीवर घेतलंस, त्यावर पदर टाकलास आणि विचारलंस, "मांडीवरच्या लेकराला तिकीट लावतीस व्हय?" अख्खी गाडी हसली. मी हटले नाही, तिकीट फाडलंच. निमगाव केतकी येईपर्यंत तू तोंड फिरवून बसलीस, आणि इंदापुरात उतरताना म्हणालीस की घर स्टँडाच्या मागंच आहे, तिकीट काढलेलं लेकरू पुढं कसं वाढतं ते बघायला ये.

मी आले ती चहाच्या आशेनं. तोवर मला साडी म्हणजे दुकानातली घडी वाटायची. कुणीतरी ती धाग्याधाग्यानं घडवत असेल हे माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि समोर बसून बघणं वेगळं. तुझं ते बुटकं घर, मातीची जमीन, जमिनीत खणलेला खड्डा. खड्ड्याच्या काठावर तू बसलेली, पाय आत पावड्यांवर. एका पायाखालची पावडी दाबली की अर्धे उभे धागे वर, दुसरी दाबली की उरलेले वर. मधून आडवं सूत वाहणारा धोटा या हातातून त्या हातात जायचा. मग फणी अंगाकडं ओढून एक ठोका. त्या एका ठोक्यानं साडी एका सुताएवढी वाढायची. इतकीच. मी चहा घेतला, गार झाला तरी हातातच होता. मला वाटलं होतं बाई कापड विणते म्हणजे टोपलीसारखं काहीतरी विणत असेल. हे तर हवेला धरून धरून कापड करणं होतं.

आणि तुझे कान. तू माझ्याशी बोलत होतीस, माझ्या साहेबाच्या नकला काढायला लावून हसत होतीस, आणि मध्येच थांबून म्हणालीस, "तुटला." काय तुटलं? शेकडो धाग्यांतला एक तुटला होता. तू बघितलाही नव्हतास. तो तुटल्यावर ठोक्याचा आवाज बदलतो म्हणे. मी कितीदा कान देऊन ऐकलं, मला शेवटपर्यंत तो बदल कळला नाही. तू वाकलीस, दोन टोकं चिमटीत धरलीस, ओठाला लावून ओली केलीस, पीळ दिलास, उरलेलं दातानं तोडलंस. धागा पुन्हा अखंड. मला माझ्या गाडीच्या इंजिनाचा आवाज बदललेला कळतो, पण ते इंजिन आहे, ओरडून सांगतं. धागा कधी ओरडतो का?

तुझ्या सासरी बायका धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या भरायच्या आणि मागावर पुरुष बसायचे. दाजी, तुझे मालक, साखर कारखान्यात लागले आणि माग बंद पडायची वेळ आली. तेव्हा तू कुणाला न विचारता खड्ड्यात पाय सोडलेस. दाजी निवृत्त होऊन घरी आले तोवर खड्डा तुझा झाला होता. मग त्यांनी चरखा घेतला आणि तुझ्यासाठी कांड्या भरायला लागले. या उलट्या कारभाराची गल्लीत थट्टा व्हायची. दाजी म्हणायचे, "कारखान्यात बी मी फोरमनचंच ऐकत हुतो." असा नवरा मी दुसरा पाहिला नाही, आणि हे मी घरी आमच्या यांनाही ऐकवते.

प्रज्ञा दातांची डॉक्टर झाली तेव्हा तिचा पहिला हट्ट तुझे दात तपासायचा. तुझ्या पुढच्या दाताला खाच पडली होती, बारीक, सरळ, जणू कानसीनं घासलेली. प्रज्ञानं मला आरसा धरून दाखवली. म्हणाली, "आई, ही धाग्याची आहे. दाताहून कठीण शरीरात काही नसतं, आणि सुतानं तो कापलाय." ती तुला रागावली, कात्री वापरा म्हणाली. तू मान डोलावलीस, आणि घरी गेल्यावर पहिला धागा दातानंच तोडला असशील याबद्दल मला शंका नाही.

तिचं लग्न ठरलं तेव्हा ती स्वतःहून म्हणाली, साडी अक्काच्या मागावरची हवी. पांढरी. आमच्यात लग्नात नवरी पांढरी साडी नेसते हे तुला ठाऊक होतं, माझ्या लग्नाचा फोटो तू बघितला होतास. तरी तू विचारलंस, काठ कुठल्या रंगाचा? मी म्हणाले, पांढरा. आणि पदर? पांढरा. तू धोटा खाली ठेवलास. इतक्या वर्षांत तू बोलता बोलता धोटा खाली ठेवलेला मी पहिल्यांदा पाहिला.

तुझ्या घरचा नियम होता की कोरं लुगडं मागावरून उतरवायचं नाही. कोरं म्हणजे रंगाचा एकही धागा नसलेलं. तुझी सासू विधवा झाल्यावर तिची पांढरी पातळं तूच विणलीस, आणि तेव्हाही कडेला एक लाल धागा घातलास, कुणाच्या नजरेत येणार नाही असा. तिच्या लक्षात आलं असावं. धुताना तेवढी कड ती हळू चोळायची. तू मला सांगितलंस, "पांढऱ्यात एक धागा रंगाचा असला म्हंजी बाई एकटी पडत न्हाय." आणि हे तर लग्नाचं. तुला हिरवा हवा होता. निदान एक हिरवा धागा, पदराच्या टोकाला तरी. वर मला चिडवलंस की तुझी लेक दवाखान्यात रोज पांढरा कोट घालती, लग्नात तरी रंग दिसू दे.

मीही माझं सांगितलं. आमच्या पणजीला आयुष्यात नवं लुगडं मिळालं नाही. मिळायचं ते कुणाच्या तरी अंगावरून उतरलेलं, रंग त्यांच्या पसंतीचा, भोकंही त्यांचीच. आज्यानं धम्म घेतला, आणि पुढं लोणी भापकरला माझी आई लग्नाला उभी राहिली ती नव्या पांढऱ्या साडीत. तिच्या घरातल्या बायकांत नवं कोरं कापड अंगाला लागलेली ती पहिली. ती सांगायची, नेसताना खळीचा कडकड आवाज येत होता आणि तिला रडू फुटत होतं. तुला कोरं म्हणजे उणं वाटतं अक्का, आम्हाला कोरं म्हणजे कुणाचंही उतरलेलं नसलेलं. मी हे म्हणाले तेव्हा दाजींचा चरखा थांबला. मला वाटलं जिंकले. मग तू म्हणालीस, "समदं पटलं. पर एक धागा."

मला तुझा असा संताप आला होता! तीन फेऱ्या मी तुझ्याकडं फिरकले नाही. गाडी इंदापुरात उभी करून स्टँडावरच्या टपरीतला साखरपाणी चहा प्यायले. तुझाच निरोप आला, दाजींच्या हातून. उन्हाळा होता, उजनी धरणाचं पाणी उतरलं होतं, आणि तुला पळसदेवला जायचं होतं.

तुझं माहेर पळसदेव, जुनं. तू लहान असताना गाव पाण्याखाली गेलं. पाणी उतरलं की जुनं देऊळ वर येतं, आणि तू जमेल तसं जाऊन बघून यायचीस. त्या दिवशी आपण दोघी भेगाळलेल्या चिखलातून चालत गेलो. तू मला तुमचं घर कुठं होतं ते दाखवलंस. तिथं शिंपले होते आणि एक फुटकं जाळं. मला वाटलं तू रडशील, पण तू सरळ देवळाकडं गेलीस. ऊन कलतं होतं. भिंतीवर दगडात कोरलेली फुलांची पट्टी होती. इतकी वर्षं पाण्यात राहूनही पाकळ्या उठून दिसत होत्या. तू एका फुलावर बोट ठेवलंस आणि पाकळी पाकळी फिरवत राहिलीस. मी म्हणाले चल, उशीर होतोय. तू म्हणालीस, "बघ की गं. रंग हाय का ह्यात? दगडात दगडाचंच फूल. सावलीनं दिसतंय निस्तं."

परतताना गाडीत तुझी बोटं मांडीवर हलत होती.

त्यानंतर तू जे केलंस ते मी आयुष्यभर सांगत राहणार आहे. पांढऱ्या अंगावर पांढरा काठ, आणि त्या काठात देवळाचं फूल. काठाच्या जागी उभे धागे दुहेरी घेतलेस. दर ओळीला त्यातले ठरावीक धागे बोटांनी उचलायचे, खालून धोटा घालायचा, मग ठोका. उचललेला धागा वर राहतो आणि त्याचं फूल होतं. समोरून पाहिलं तर काहीच नाही, नुसती पांढरी साडी. बाजूनं उजेड आला की फुलं उभी राहतात. तुझ्या सासऱ्यांनी असं कधी विणलं नव्हतं, दाजींनी पाहिलं नव्हतं. तुला कुणी शिकवलं? एका बुडालेल्या भिंतीनं.

तुला स्वतःलाही ते विणताना दिसत नव्हतं. तू बोटांनी वाचायचीस. दाजी शेजारी उकिडवे बसून मोबाइलची बॅटरी आडवी धरायचे, सावली पडावी म्हणून. "जरा खाली. अजून खाली. मरा, लई खाली झालं," असं तुझं चालायचं. दोन म्हातारी माणसं एका न दिसणाऱ्या फुलासाठी भर दुपारी बॅटरी लावून बसलेली. मी दारात उभी राहून बघायचे आणि मला तुमच्या पाया पडावंसं वाटायचं. पडले नाही, कारण तू लगेच एका धाग्याचा विषय काढला असतास.

एकदा मी सकाळच्या गाडीनं आले तर तू विणलेलं उसवत होतीस. आदल्या दिवशी एका बाजूची फुलं उलटी पडली होती, देठ वर आणि पाकळ्या खाली. दारातून तिरपं ऊन आलं तेव्हा तुला कळलं. चांगली हातभर साडी होती. मी म्हणाले, राहू दे, कुणाला दिसणार आहे? तू धागा ओढत ओढत म्हणालीस, "दिसत न्हाय म्हनून उलटं ठेवायचं? ते देऊळ बी पान्यात कुनाला दिसत हुतं?" मी खाली बसले आणि उसवलेला धागा गुंडाळायला लागले.

साडी पुरी होत आली, फक्त पदर राहिला. आणि पदर आला तसा वाद पुन्हा आला. तू म्हणालीस, हिरवा नको तर तुमच्या झेंड्याचा निळा घालते. मी म्हणाले, निळाही नको, कोरी म्हणजे कोरी. तू म्हणालीस, "बघू."

पुढच्या आठवड्यात गाडी इंदापूर स्टँडात शिरली तर दाजींचा पुतण्या फलाटावर उभा होता. सकाळी चहा पिताना तू खाली बसलीस आणि पुन्हा उठली नाहीस, एवढंच तो म्हणाला. मी पळत आले. खांद्याला तिकिटाची मशीन, अंगात खाकी. गल्लीतल्या बायकांनी वाट दिली. तू हिरव्या लुगड्यात होतीस, तुझ्या स्वतःच्या हातचं. पेटीतलं ते लुगडं तू मला एकदा दाखवलं होतंस. सवाष्ण जाणार आणि स्वतः विणलेल्या हिरव्यात जाणार, ही तुझी एकच हौस. म्हणाली होतीस, "हे माझं शेवटच्या गाडीचं तिकीट. सामानाचं काढनार न्हाय, सांगून ठिवते."

मी तुझ्या हाताला हात लावला. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचा घट्टा तसाच होता. मग गाडीची वेळ झाली. परतीची फेरी टाकून मला थांबता येत नव्हतं. गाडी भरलेली होती, लोकांना घरी जायचं होतं. बारामतीपर्यंत मी तिकिटं दिली आणि डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं. मागच्या बाकावरची एक म्हातारी म्हणाली, रड बाई, आमी थांबतो. तुला पोचवायला मला येता आलं नाही, अक्का, पण तू पोचलीस त्या वेळी मी नेमकी गाडीतल्या तुझ्या नेहमीच्या जागेशेजारी दांडा धरून उभी होते.

सुतक होतं तोवर माग बंद होता. मी भेटायला आले तेव्हा तुझ्या जाऊबाई आत बायकांना सांगत होत्या, आवाज बारीक करून, पण मला ऐकू जाईल एवढाच बारीक. कोरं लुगडं मागावर घेतलं म्हणून घात झाला. ते कापून पाण्यात सोडून द्या. मी भिंतीला टेकून उभी राहिले. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, आज्यापासून नाही. पण विश्वास नसला म्हणून बोलणं लागत नाही असं थोडंच आहे? मी मनात ठरवून टाकलं की दाजी म्हणतील तसं होऊ द्यायचं. कापलं तर कापलं, प्रज्ञाला दुकानातली आणू.

दाजींचा फोन आला, लेकीला घेऊन ये. आम्ही दोघी आलो. घर सारवलं होतं, मागावरचं फडकं काढलं होतं, आणि दाजी खड्ड्यात पाय सोडून बसले होते. जाऊबाईही होत्या. त्यांनी पुन्हा तेच काढलं, कोऱ्याचं आणि घाताचं. दाजी आयुष्यात कुणाला उलटून बोलले नसतील. त्यांनी फणीवर हात ठेवला आणि म्हणाले, "वैनी, ते कोरं न्हाय. त्यात तिचा हात हाय." आणि पावडी दाबली.

त्यांनी विणलेलं ते तरुणपणी, मधे कारखान्याची सगळी वर्षं. पहिले काही ठोके तर माझ्याच छातीत बसले. मग हाताला जुनी सवय आठवली. मी बॅटरी आडवी धरली आणि प्रज्ञा कांड्या भरायला बसली, चारदा सूत तुटलं तेव्हा एक भरली. सुट्टी मिळेल तशी आम्ही येत राहिलो.

पदर संपत आला तेव्हा दाजींनी कोनाड्यातून एक निळी कांडी काढली. म्हणाले, तिनं माझ्याकडून भरून घेतली होती, तू "बघायचं काय न्हाय" म्हणून गेलीस त्याच दुपारी. धोट्यात घातली, परत काढली, आणि कोनाड्यात ठेवली. "म्हनली, ऱ्हाऊ द्या. कंडक्टरीण म्हनती तसंच करू. लेक तिची हाय."

म्हणजे तू ऐकलं होतंस. मी बारामतीला पोचायच्या आत तू तुझ्या घरचा नियम मोडला होतास, माझ्यासाठी, आणि मला कळवलं नाहीस. पुढच्या खेपेला माझं तोंड बघायचं असेल तुला. मला ओरडून रडावंसं वाटलं आणि तुझी वेणी ओढावीशी वाटली.

दाजींनी मला विचारलं, मग कोरीच उतरवू ना? मी प्रज्ञाकडं पाहिलं. साडी तिची. ती म्हणाली, "आई, अक्काला निळा नको होता, तो तिनं आपल्यासाठी सुचवला. तिला हिरवा हवा होता." मग दाजींना विचारलं, हिरवं सूत आहे का घरात? दाजी उठले, पेटी उघडली, आणि मुठीएवढी लड काढली. हातातच धरून उभे राहिले. तुझ्या हिरव्या लुगड्यातलं उरलेलं सूत होतं ते. म्हणाले, दुसरं हिरवं नाही, आणि हे मयताच्या लुगड्याचं, लग्नाला कसं देऊ? प्रज्ञा म्हणाली, "दाजी, मयताचं नाही. अक्काचं आहे."

दुसऱ्याच्या लुगड्याचं सूतसुद्धा घरात घेणार नाही म्हणणारी मी. पण हे उतरलेलं नव्हतं, अक्का. हे आम्ही हक्कानं घेतलं. प्रज्ञानं स्वतः कांडी भरली, एकाच धाग्यापुरती, आणि दाजींनी पदराच्या अगदी टोकाला धोटा टाकला. एक ठोका. मग पुन्हा बोटभर पांढरं. धागा कापायची वेळ आली तेव्हा दाजी कात्री शोधायला लागले, आणि माझ्या दातांच्या डॉक्टर लेकीनं वाकून तो दातानं तोडला.

साडी कापून घेतल्यावर मागावर वीतभर पांढरे धागे दाजींनी तसेच ठेवले. मी विचारलं, हे कशाला? पुढचं सूत ह्यालाच जोडत्यात, म्हणाले. माग रिकामा करत नाहीत.

आज सकाळी प्रज्ञानं साडी दारात धरली. पूर्वेचं ऊन तिरपं आलं आणि काठातली फुलं एकेक करून उठली, खालपासून वरपर्यंत. आमचे हे चहाचा कप घेऊन आले आणि तसेच उभे राहिले. जिथं पदर सुरू होतो तिथं उजेडात एक आडवी रेघ दिसते. तिच्या अलीकडं वीण मऊ आहे, पलीकडं जरा दाट. दाजींचा हात जड आहे ना. त्यांनाही ती दिसली होती, काल उतरवतानाच म्हणाले, उसवून पुन्हा विणू का. मी नको म्हणाले. म्हटलं, रेघ दिसली तर दिसू दे, दाजी, ती काही उलटी पडलेली नाही. मी त्या रेघेवर बोट ठेवलं. तुझा हात इथपर्यंत आला होता. पुढं एका धाग्याच्या अंतरावर दाजींचा लागला, आणि मध्ये कुठंही कापड तुटलेलं नाही.

परवा त्रिशरण म्हणताना पदराचं टोक मुठीत धरणार असं प्रज्ञानं मला आत्ताच सांगून ठेवलं आहे. हॉलमधल्या सगळ्यांना पांढरी साडी दिसेल. दाजी पहिल्या रांगेत असतील, तुझ्या शेजारची खुर्ची मी मोकळी ठेवायला सांगितली आहे. चुकून लिहिलं, त्यांच्या शेजारची. राहू दे, खोडत नाही.

धागा टाकला आहे, अक्का. पण त्यावरून मी हरले असं समजू नकोस. "बघू" म्हणाली होतीस ना? बघ आता.